वारा समोरून होता

शंभर मीटर शर्यतीच्या निकालपत्रकात वेळेशेजारी आणखी एक आकडा छापलेला असतो. तो वाऱ्याचा वेग. पाठीमागून येणारा वारा सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त असेल, तर धावपटूने कितीही कमी वेळ दिली तरी तिचा विक्रम होत नाही. लांब उडीलाही हाच नियम लागू आहे. दहा सेकंदांत संपणाऱ्या शर्यतीसाठी हवेची एवढी काटेकोर नोंद होते. मॅरेथॉनमध्ये माणूस चार-चार तास उघड्या रस्त्यावर ऊन, पाऊस आणि वारा अंगावर घेत पळतो, पण त्याच्या प्रमाणपत्रावर फक्त वेळ असते. त्या दिवशी आकाशात काय चाललं होतं, हे त्या कागदावरून कधीच कळत नाही.

ही उणीव किती मोठी आहे, हे १६ एप्रिल २०१८ रोजी बॉस्टनमध्ये जगाला दिसलं.

बॉस्टन मॅरेथॉन १८९७ पासून चालू आहे. दरवर्षी होणाऱ्या मॅरेथॉनमध्ये ही सर्वांत जुनी. हॉपकिंटन या लहानशा गावातून ती निघते, अ‍ॅशलँड, फ्रॅमिंगहॅम, नॅटिक, वेलस्ली, न्यूटन, ब्रुकलाइन अशी गावं ओलांडत पूर्वेकडे जाते आणि बॉस्टन शहरातल्या बॉयल्स्टन रस्त्यावर संपते. म्हणजे वर्तुळ नाही, जाऊन-येऊन नाही. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ प्रवास. त्यामुळे पश्चिमेचा वारा असला तर तो जवळजवळ सगळी वाट पाठीवर हात ठेवून असतो, आणि पूर्वेकडचा असला तर सगळी वाट छातीवर. त्या सोमवारी वारा पूर्वेकडचा होता. तापमान तीन-चार अंश सेल्सिअसच्या आसपास, पाऊस आडवा, आणि वाऱ्याचे झोत ताशी ४० किलोमीटरच्या वर. शर्यतीआधी धावपटूंना ज्या मैदानावर थांबवतात, तिथे चिखल झाला होता. लोक बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधून, अंगात कचऱ्याच्या काळ्या पिशव्या घालून, काहीजण तर डोक्याला आंघोळीच्या टोप्या लावून आपल्या तुकडीच्या सुटण्याची वाट बघत होते.

ही माणसं हौशी असली तरी नवखी नव्हती. बॉस्टनला बहुतेकांना प्रवेश मिळतो तो आधीच्या एखाद्या मॅरेथॉनमधल्या वेळेवर. त्या वर्षी १८ ते ३४ वयोगटातल्या पुरुषांसाठी पात्रतेची वेळ होती ३ तास ५ मिनिटं. तीही पुरेशी नव्हती. अर्ज एवढे आले, की त्या वेळेपेक्षा किमान ३ मिनिटं २३ सेकंद वेगाने धावलेल्यांनाच जागा मिळाली. मुंबई-पुण्यातल्या धावणाऱ्यांच्या गटांमध्येही 'बॉस्टन क्वालिफाय' हे शब्द आता सरसकट ऐकू येतात, आणि त्यासाठी लोक वर्षानुवर्षं पहाटे उठतात. अशा प्रत्येकाच्या डोक्यात एक आकडा पक्का असतो. बाकीच्यांचेही आकडे असतातच. कोणाला चार तासांच्या आत यायचं असतं, कोणाला मागच्या वर्षीपेक्षा पाच मिनिटं कमी. चार तासांत ४२.१९५ किलोमीटर म्हणजे प्रत्येक किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद. हा 'पेस' घड्याळात भरलेला असतो, काहींनी मनगटावरच्या पट्टीवरही लिहून घेतलेला असतो. दर किलोमीटरला फक्त दहा सेकंद हातचे गेले, तर शेवटी सात मिनिटांचा फरक पडतो.

हा आकडा कुठून येतो? चार-पाच महिन्यांच्या सरावातून. आठवड्याच्या लाँग रनमधून, टेकडीवरच्या धापांमधून, सरावासाठी धावलेल्या अर्ध्या मॅरेथॉनच्या निकालातून. आणि त्या हिशेबात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते: शर्यतीच्या दिवशी हवा बरी असेल.

वाऱ्याचा हिशेब समजून घ्यायला ग्रिफिथ प्यू यांच्याकडे जावं लागतं. १९५३ च्या ज्या मोहिमेत हिलरी आणि तेनसिंग एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले, त्या मोहिमेचे हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ. उंचीवर, थंडीत आणि वाऱ्यात माणसाचं शरीर किती खर्च करतं, हा त्यांच्या आयुष्यभराचा विषय होता. १९७१ मध्ये त्यांनी धावणाऱ्या माणसावर वाऱ्याचा किती भार पडतो याचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुसऱ्या धावपटूच्या मागे साधारण मीटरभर अंतरावर राहिलं तर हवेचा अडथळा सुमारे ८० टक्क्यांनी कमी होतो, असं त्यांना आढळलं. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी १२ किलोमीटर वेगाने पळणाऱ्या माणसाला शांत हवेत जो अडथळा असतो, तो समोरून ताशी २४ किलोमीटरचा वारा आला की तिप्पट होत नाही, नऊपट होतो. वारा पाठीमागून असला तर मदत होते हे खरं, पण समोरचा वारा जेवढं हिरावून घेतो तेवढं पाठीमागचा वारा परत देत नाही.

थंड पावसाचा खर्च वेगळा. धावताना स्नायू जी ऊर्जा जाळतात, तिचा बहुतांश भाग उष्णता होऊन बाहेर पडतो, म्हणून कोरड्या थंडीत धावणं सुखाचं असतं. सात-आठ अंशांची कोरडी, वारा नसलेली सकाळ तर मॅरेथॉनपटूला हवीच असते. पण कपडे भिजले की चित्र बदलतं. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट सहज उष्णता वाहून नेतं. ओला शर्ट अंगाला चिकटलेला आणि वरून वारा, म्हणजे शरीर जेवढी उष्णता तयार करतं त्याहून जास्त गमावतं. मग शरीर कुडकुडायला लागतं, आणि कुडकुडण्यासाठीही तेच ग्लायकोजेन जळतं जे शेवटच्या दहा किलोमीटरसाठी राखून ठेवलेलं असतं. बोटं बधिर होतात, जेलचं पाकीट फाडता येत नाही, खाणं चुकतं, वेग पडतो. वेग पडला की उष्णता आणखी कमी तयार होते. या फेऱ्यात सापडलेला धावपटू पस्तिसाव्या किलोमीटरला थांबून चालायला लागला, तर त्याची परिस्थिती सुधारत नाही, बिघडते. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं, की डॉक्टर त्याला हायपोथर्मिया म्हणतात. बॉस्टनच्या वैद्यकीय तंबूंमध्ये त्या दिवशी अशा धावपटूंची रीघ लागली होती.

डेझिरे लिंडेन या अमेरिकन धावपटूची गोष्ट इथून सुरू होते. खरं तर ती सात वर्षं आधी सुरू झाली होती. २०११ साली, तेव्हाच्या डेव्हिला या आडनावाने, ती बॉस्टनला धावली. तेव्हा वारा पाठीमागून होता, आणि हवा थंड व कोरडी होती. शेवटच्या रस्त्यावर तिच्यात आणि केनियाच्या कॅरोलिन किलेलमध्ये आघाडी पुन्हा पुन्हा बदलत राहिली. लिंडेनची वेळ आली २ तास २२ मिनिटं ३८ सेकंद. ती हरली, दोन सेकंदांनी. त्याच शर्यतीत केनियाच्या जेफ्री मुताईने २ तास ३ मिनिटं २ सेकंदांची वेळ दिली. त्याआधी कोणीही मॅरेथॉन इतक्या कमी वेळात धावलेलं नव्हतं. तरी तो जागतिक विक्रम ठरला नाही. सुरुवात आणि शेवट एकमेकांपासून किती लांब असावेत आणि मार्गाला उतार किती असावा, याच्या मर्यादा नियमांत आहेत. एका दिशेने जाणारा, एकूण उतरता असा बॉस्टनचा मार्ग त्यांत बसत नाही. एका दिशेच्या मार्गावर अख्खी शर्यत वारा पाठीशी राहू शकतो, ही शंका त्या नियमामागे आहे. म्हणजे मॅरेथॉनचे नियम करणाऱ्यांनाही वाऱ्याचं मोल ठाऊक आहे. ते मोल मोजून निकालात लिहायची पद्धत मात्र अजून आलेली नाही.

२०१८ ला लिंडेन ३४ वर्षांची होती. पहिल्या काही मैलांतच तिला वाटलं, आज काही खरं नाही, आपण बहुधा मध्येच सोडणार. तिने शेजारी धावणाऱ्या शलेन फ्लॅनागनला तसं सांगितलं, आणि वर हेही सांगितलं, की तुला काही मदत लागली तर सांग, वारा अडवायला मी पुढे राहीन. फ्लॅनागन ही काही साधी प्रतिस्पर्धी नव्हती. पाच महिन्यांपूर्वीच तिने न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली होती. पुढे फ्लॅनागनला वाटेतल्या फिरत्या शौचालयात जावं लागलं. ती काही सेकंदांत बाहेर आली, पण घोळका पुढे निघून गेला होता. लिंडेनने वेग कमी केला, तिच्यासाठी थांबली, आणि तिला घेऊन पुन्हा घोळक्याला गाठलं. नंतर मॉली हडल ही दुसरी धावपटू मागे पडली तेव्हा तिलाही पुढच्यांपर्यंत आणायला लिंडेननेच वारा अंगावर घेतला.

या प्रसंगाचं कौतुक खेळाडू वृत्ती म्हणून खूप झालं, आणि ते रास्तच आहे. पण त्यात धावण्याची एक सूक्ष्म समजही आहे, तिच्याकडे कमी लक्ष गेलं. वेळेचा आकडा डोक्यात असता तर लिंडेन थांबलीच नसती. दर मैलाचा हिशेब ठेवणाऱ्याला दुसऱ्यासाठी दहा सेकंद देणं परवडत नाही. तिने आकडा सोडून दिला होता, म्हणून तिच्याकडे आजूबाजूला पाहायला जागा उरली. दुसऱ्यांना सोबत घेताना ती स्वतःही लयीत राहिली, ऊब टिकली. इथिओपियाची मामितू दास्का बरीच पुढे निघून गेली होती, ती थंडीने मंदावली. केनियाची ग्लॅडिस चेसिर पुढे गेली, तीही मंदावली. न्यूटनच्या टेकड्या संपता संपता लिंडेन पहिल्या जागेवर आली आणि तिथून शेवटपर्यंत एकटीच धावली.

तिची वेळ होती २ तास ३९ मिनिटं ५४ सेकंद. सात वर्षांपूर्वीच्या वेळेपेक्षा १७ मिनिटं १६ सेकंद जास्त. १९७८ नंतर बॉस्टनमध्ये स्त्रियांच्या शर्यतीत एवढ्या जास्त वेळेत कोणीही जिंकलेलं नव्हतं. आणि १९८५ नंतर बॉस्टन जिंकणारी ती पहिली अमेरिकन स्त्री. किलोमीटरमागे ३ मिनिटं २३ सेकंदांनी धावून हरलेली आणि ३ मिनिटं ४७ सेकंदांनी धावून जिंकलेली बाई एकच, रस्ताही एकच. मधला सगळा फरक हवेचा नसेल. शर्यत कशी रंगते यावरही वेळ ठरते. तरी मोठा वाटा हवेचाच.

पुरुषांमध्ये जिंकला युकी कावाउची. जपानच्या साइतामा प्रांतातल्या सरकारी शाळेच्या कार्यालयात तो पूर्णवेळ नोकरी करायचा आणि उरलेल्या वेळात सराव. बाकीचे मोठे धावपटू वर्षाला दोन मॅरेथॉन धावतात. हा गडी वर्षाला दहा-बारा धावायचा, मिळेल त्या हवेत. त्याच वर्षीच्या १ जानेवारीला तो मॅसॅच्युसेट्समधल्याच मार्शफील्ड गावी हाडं गोठवणाऱ्या थंडीत एक मॅरेथॉन धावून गेला होता. बॉस्टनला बंदूक वाजताच तो एकटाच सुसाट सुटला, मग घोळक्यात आला, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. आदल्या वर्षीचा विजेता जेफ्री किरुई बराच पुढे गेला होता, पण शेवटच्या टप्प्यात तो गळाठला आणि कावाउचीने त्याला मागे टाकलं. वेळ २ तास १५ मिनिटं ५८ सेकंद. शर्यतीनंतर त्याने सांगितलं, की माझ्यासाठी यापेक्षा चांगली हवा असूच शकत नाही. ते त्याने मनापासून म्हटलं होतं. ज्यांचा हिशेब चांगल्या हवेवर उभा होता ते त्या दिवशी मोडले. गॅलन रपसारखा आदल्या वर्षी शिकागो जिंकलेला धावपटूही शर्यत पूर्ण करू शकला नाही. कावाउचीचा हिशेबच खराब हवेवर उभा होता.

स्त्रियांमध्ये दुसरी आली सेरा सेलर्स. अ‍ॅरिझोनातल्या एका रुग्णालयात भूल देणारी परिचारिका. पहाटे चारला किंवा ड्यूटी संपल्यावर सराव, प्रवेश शुल्क स्वतःच्या खिशातून. शेवटची रेषा ओलांडल्यावर आपण दुसऱ्या आलो हे तिला आधी कळलंच नाही. बक्षीस होतं ७५,००० डॉलर. तिसरी आली कॅनडाची क्रिस्टा ड्युशेन, ४१ वर्षांची, तीन मुलांची आई, व्यवसायाने आहारतज्ज्ञ. ज्यांच्याकडून कोणी काही अपेक्षा केली नव्हती अशांची ही यादी आहे, आणि ती हवेने लिहिली.

बॉस्टनच्या इतिहासात याच्या नेमकं उलट टोकही आहे. पुरुषांमध्ये कावाउचीपेक्षा हळू जिंकणारा माणूस शोधायचा तर १९७६ पर्यंत मागे जावं लागतं. त्या दिवशी ऊन एवढं होतं, की रस्त्याकडेच्या लोकांनी बागेच्या पाइपांनी धावणाऱ्यांवर पाणी मारलं. जॅक फुल्ट्झ २ तास २० मिनिटं १९ सेकंदांत जिंकला. २०१२ मध्ये पारा तीस अंशांच्या वर जाणार असा अंदाज आला, तेव्हा आयोजकांनी स्वतःहून सांगितलं, की ज्यांना यंदा धावायचं नसेल त्यांनी पुढच्या वर्षी यावं, जागा राखून ठेवू. २०११ ला वाऱ्यावर स्वार झालेला जेफ्री मुताई त्या उन्हात शर्यत अर्धवट सोडून बाजूला झाला.

आपल्याकडच्या माणसाला थंड पावसापेक्षा हे ऊन जास्त ओळखीचं. उकाड्यात हृदयाला दोन मालक सांभाळावे लागतात: रक्त स्नायूंनाही हवं असतं आणि त्वचेलाही, कारण उष्णता त्वचेवाटे बाहेर टाकायची असते. घाम येतो, पण हवेत आर्द्रता असली तर तो वाळत नाही, नुसता ओघळतो. ओघळलेला घाम शरीर थंड करत नाही. वेग तोच ठेवला तरी नाडी चढत जाते. दोहा इथे २०१९ च्या जागतिक स्पर्धेत स्त्रियांची मॅरेथॉन उन्हापासून वाचण्यासाठी मध्यरात्री ठेवली होती, तरी तापमान ३२ अंशांवर आणि आर्द्रता ७० टक्क्यांच्या पुढे. ६८ जणी सुटल्या, ४० पोचल्या. विजेतीची वेळ, २ तास ३२ मिनिटं ४३ सेकंद, ही त्या स्पर्धेच्या इतिहासातली सर्वांत संथ विजयी वेळ होती.

नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची धावपटू कविता राऊत हिने फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धेत २ तास ३८ मिनिटं ३८ सेकंदांत सुवर्ण मिळवलं आणि ऑलिंपिकची पात्रता गाठली. ऑगस्टमध्ये रिओला सकाळी साडेनऊला सुटलेल्या, उन्हात झालेल्या मॅरेथॉनमध्ये तिला २ तास ५९ मिनिटं २९ सेकंद लागले. जवळपास २१ मिनिटांचा फरक. त्यातला किती उन्हाचा, किती प्रवासाचा, किती शरीराचा, हे कोणी बाहेरून सांगू नये. पण त्या वेळी घरी बसून तिच्या वेळेवर शेरे मारणाऱ्या लोकांपैकी किती जणांनी रिओच्या रस्त्यावरचं तापमान पाहिलं होतं, हा प्रश्न विचारायलाच हवा.

शंभर वर्षांपूर्वी, परदेशातल्या एका पावसाळी रस्त्यावर, एक मराठी मुलखातला धावपटूही पळाला होता. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर १९१९ च्या सुमारास ज्या शर्यती होत, त्यांत खेड्यापाड्यातली मुलं अनवाणी पळत. जिमखान्याचे अध्यक्ष दोराबजी टाटा यांनी ती मुलं पाहिली, आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतातून संघ पाठवायची खटपट केली. त्या संघात सदाशिव दातार आणि बेळगावचे फडेप्पा चौगुले हे दोघे मॅरेथॉन धावले. २२ ऑगस्ट १९२० ची ती शर्यत थंड, पावसाळी हवेत झाली. दातार ती पूर्ण करू शकले नाहीत. चौगुले १९ वे आले, वेळ २ तास ५० मिनिटं ४५.४ सेकंद.

ही वेळ वाचताना एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते, आणि ती निकालाच्या रकान्यात दिसत नाही. अँटवर्पची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती, आजच्या अंतरापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त. चौगुलेंच्या वेगाने हिशेब केला, तर तेवढ्यानेच सव्वादोन मिनिटं वाढतात. बोटीने इतक्या लांबचा प्रवास करून गेलेला, दख्खनच्या उन्हात वाढलेला माणूस, समोर युरोपातला गार पाऊस, आणि जगातल्या सर्वोत्तम धावपटूंमध्ये एकोणिसावा क्रमांक. चौगुलेंचं नाव आज बेळगाव-पुण्याबाहेर फारसं कोणाला ठाऊक नाही, याची खंत वाटते.

हवा निवडता आली तर काय होतं, हे मॅरेथॉनपटू एल्युड किपचोगेने दाखवलं. १२ ऑक्टोबर २०१९ रोजी व्हिएन्नामध्ये त्याने मॅरेथॉनचं अंतर १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत पार केलं. ती शर्यत नव्हती, प्रयोग होता. तारीख आधी पक्की केलेली नव्हती. आठवडाभराची मुदत राखून ठेवली होती आणि हवा पाहून दिवस आणि वेळ ठरवली. सपाट, झाडीने झाकलेला रस्ता. चाळीसेक पेसर, म्हणजे वेग राखून देणारे धावपटू, पाळीपाळीने त्याच्या पुढे उलट्या 'व्ही' आकारात पळत होते, म्हणजे वारा त्यांनी घ्यायचा. प्यूंनी १९७१ ला जे मोजलं, ते इथे जिवंत माणसांच्या भिंतीने वापरलं गेलं. वर्षही झालं नाही तोच, ४ ऑक्टोबर २०२० ला, हाच किपचोगे लंडनला गार पावसात धावला आणि आठवा आला: २ तास ६ मिनिटं ४९ सेकंद. कान बंद झाला, पायात गोळे आले, असं त्याने नंतर सांगितलं. २०२३ ला बॉस्टनच्या ओल्या, वाऱ्याच्या सकाळी तो सहावा आला. या माणसाला सरावाबद्दल, शिस्तीबद्दल किंवा जिद्दीबद्दल कोणी काही शिकवू शकेल असं वाटत नाही. तरीही वेळ हुकली.

मग सामान्य धावणाऱ्याने काय करावं? मुंबई मॅरेथॉनच्या सकाळी पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास येतो. पहाटे गारव्यात सी-लिंकवरून पळताना घड्याळातला पेस अगदी ठरवल्याप्रमाणे असतो. मग ऊन वर येतं, दमट हवा जड होते, आणि चढ लागतो. जाणते प्रशिक्षक सांगतात, की अशा हवेत आकड्यावर धावू नका, श्वासावर धावा. आज शरीराला जेवढे कष्ट ठरवले होते तेवढेच द्या, वेग जो येईल तो येऊ द्या. बरेच जण आधीच तीन लक्ष्यं ठरवून ठेवतात: हवा उत्तम असली तर एक, बरी असली तर दुसरं, वाईट असली तर फक्त नीट पोचणं. हे शहाणपणाचं आहे, पण अमलात आणणं अवघड, कारण निर्णय पहिल्या दहा किलोमीटरमध्ये घ्यावा लागतो, जेव्हा पाय ताजे असतात आणि मन ऐकत नाही. तिसाव्या किलोमीटरला घेतलेला तोच निर्णय बहुतेकदा उशिराचा असतो. महाराष्ट्रातल्या धावपटूंकडे एक जमेची बाजू आहे. जानेवारीच्या मुंबईसाठीचा सराव भर पावसाळ्यात सुरू होतो. सह्याद्रीच्या घाटात धुक्यात, भिजलेल्या बुटांनी वीस-पंचवीस किलोमीटर ज्याने काढले आहेत, त्याला ओल्या मोज्यांचे फोड, मांड्यांची घासट आणि चष्म्यावरचं पाणी यांची नवलाई राहत नाही.

आणि कधीकधी थांबणं हाच योग्य निर्णय असतो, हे स्पष्ट शब्दांत सांगायला हवं. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरची डोंगरी शर्यत होती. १७२ धावपटू. दुपारी डोंगरावर अचानक गारा, बर्फाळ पाऊस आणि सोसाट्याचा वारा सुटला. बहुतेकांच्या अंगात अर्ध्या चड्ड्या आणि पातळ शर्ट. वारा अडवणारं जॅकेट सक्तीचं नव्हतं. २१ जण गेले, त्यांत लिआंग जिंग हा चीनमधला नामांकित अल्ट्रा धावपटूही होता. झू केमिंग नावाच्या मेंढपाळाने, पावसापासून वाचण्यासाठी तो ज्या गुहेत शिरला होता तिथे नेऊन, सहा जणांना वाचवलं. जिद्दीच्या गोष्टी सांगताना दिवाळी अंकांत आणि भाषणांत 'काहीही झालं तरी थांबू नका' असं सर्रास लिहिलं-बोललं जातं. गान्सूनंतर ते वाक्य कोणी तोंडातून काढू नये. निकालपत्रकात नावापुढे 'डीएनएफ' ही तीन अक्षरं येणं, म्हणजे शर्यत अपुरी राहणं, यात लाजिरवाणं काहीही नाही.

एक मागणी मात्र करता येईल, आणि ती अवघड नाही. भारतातल्या मोठ्या मॅरेथॉनच्या निकालात आणि प्रमाणपत्रावर त्या सकाळचं सुरुवातीचं आणि दहा वाजताचं तापमान, आर्द्रता आणि वाऱ्याचा वेग छापावा. हवामान खात्याकडे हे आकडे असतातच. चार तास सात मिनिटांनी आलेल्या मुलीच्या हातात कागद पडेल, तेव्हा त्या सात मिनिटांशेजारी तीस अंश आणि दमट हवा हेही छापलेलं असेल. दहा वर्षांनी तिने तो कागद काढला तर त्यात पूर्ण सकाळ असेल. पात्रतेच्या नियमांत त्यामुळे लगेच बदल होणार नाही. बॉस्टनसाठीही हवेची सवलत नव्हती. २०१८ च्या त्या वादळात कोणी ३ तास २ मिनिटांत आला, तर ३ तास ५ मिनिटांची पात्रता त्याने गाठली. पण २०१९ साठी त्या वेळेपेक्षा किमान ४ मिनिटं ५२ सेकंद कमी लागत होते. म्हणजे तो बाहेरच.

आयोजकांना हवेचा विचार करावा लागला तो मात्र दुसऱ्याच कारणाने. बॉस्टनला २०१८ मध्ये नामांकित स्त्री धावपटू सकाळी ९ वाजून ३२ मिनिटांनी सुटल्या. बाकीच्या स्त्रिया दहा वाजल्यानंतर, हजारो पुरुषांच्या गर्दीत. जेसिका चिचेस्टर ही ब्रुकलिनची परिचारिका त्या गर्दीत होती. तिची वेळ, २ तास ४५ मिनिटं २३ सेकंद, सगळ्या स्त्रियांमध्ये पाचवी ठरली. पण बक्षिसाचा नियम असा होता, की रक्कम फक्त पहिल्या गटात सुटलेल्यांना. पाचव्या क्रमांकाचे १५,००० डॉलर तिला मिळणार नव्हते. पहिल्या गटातल्या स्त्रियांना समोरचा वारा विरळ घोळक्यात घ्यावा लागला, आणि मागच्यांना पुरुषांच्या गर्दीचा आडोसा मिळू शकत होता, हा युक्तिवाद एका बाजूला. त्याच पावसात, त्याच रस्त्यावर तिने कमी वेळात अंतर कापलं, हा दुसऱ्या बाजूला. चांगल्या हवेच्या वर्षी हा प्रश्न उठलाच नसता, कारण नामांकितांच्या वेळेजवळ मागच्या गटातलं कोणी पोचत नाही. महिनाभर चर्चा झाली. मे महिन्यात बॉस्टन अ‍ॅथलेटिक असोसिएशनने निर्णय बदलला आणि चिचेस्टरसह मागच्या गटातून धावलेल्या तीन जणींना त्यांच्या वेळेप्रमाणे बक्षिसाची पूर्ण रक्कम दिली. पहिल्या गटातल्या कोणाचंही बक्षीस कापलं नाही.